काप कधी संपतो

"…पण काप संपतो कधी?" बुवांनी विचारलं.

दिगंबरने हातातल्या फळीकडे पाहिलं. फळी नव्हतीच आता. दोन पट्ट्या होत्या.

"संपला की, बुवा. हे काय."



बुवांनी पट्ट्या हातात घेतल्या नाहीत. कडेवरून बोट फिरवलं नाही. गुण्या लावून काटकोन पाहिला नाही. भिंतीशी फणसाची एक जाड फळी उभी होती आणि तिच्यावरचं गोणपाट अर्धवट सरकलं होतं. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं त्यांनी ते हळूच वर ओढलं.

"पुढच्या शुक्रवारी ये," म्हणाले.

दिगंबरला काही कळेना. कापलेली पट्टी तर सुतासारखी सरळ होती.

कोंडसरीच्या देवीच्या देवळामागे पत्र्याची एक शेड आहे. भिकाजीबुवा मेस्त्री तिथे देव्हारे करतात, चौरंग करतात, पाट करतात. वय शहात्तर. बायको गेली तेव्हा घर पुतण्याच्या हवाली केलं आणि शेडमध्येच राहायला आले. पहाटे देवीची पूजा, मग करवत. लोक त्यांना बुवा म्हणतात. ते स्वतःला अजून मेस्त्रीच म्हणतात.

त्यांच्या हातांना दहाच्या दहा बोटं आहेत.

दिगंबरला आल्या आल्या तेच खटकलं होतं. इतकी वर्षं करवत चालवली आणि साधं नखसुद्धा गेलं नाही, म्हणजे कामं तरी किती केली असतील?

"आमच्या बाबांची साडेआठ बोटं," तो म्हणाला होता. "चिपळुणात आजही नाव घेतात. लाकडात आयुष्य घातलेला माणूस."

"दीड बोटही घातलं," बुवा म्हणाले.

दिगंबर हसला. बुवा हसले नाहीत, त्यामुळे त्याने हसू आवरलं.

दिगंबर पांचाळ चाळिशीचा. फर्निचरची कामं घेतो, हाताखाली दोन कारागीर आहेत. टेबलाच्या फटीतून वर आलेली विजेवरची गोल करवत, बुवांच्या शेडमध्ये होती तशीच, त्याने बारा वर्षं चालवली होती. गेल्या श्रावणात डाव्या अंगठ्याला अकरा टाके पडले. अंगठा राहिला, पण वळेना.

त्याची बायको वृषाली दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. तिथेच तिने देवीला सांगितलं… यांचा अंगठा वळू दे. मार्गशीर्षातले गुरुवार धरीन, आणि शेवटच्या गुरुवारी तू ज्या चौरंगावर बसशील तो हे स्वतःच्या हातांनी करतील. पूजेला दरवर्षी शेजारच्या काकूंचा चौरंग मागून आणावा लागे, हेही तिच्या मनात होतंच.

अंगठा वळला. तिला आनंद झाला आणि लगेच दुसऱ्या भीतीने घेरलं. हेच हात आता पुन्हा करवतीवर जाणार.

मग तिने नवऱ्याला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. बुवांसमोर शिकायचं तेवढं शिका, म्हणाली, पण भिकाजीबुवा स्वतःच्या तोंडाने हो म्हणेपर्यंत बाकी कुठल्याही करवतीला हात लावायचा नाही.

दिगंबरने तेव्हा लगेच शब्द दिला. एका दिवसाचं काम, त्याला वाटलं.

आता त्याचे कारागीर कापत आणि तो टेप धरून उभा राही. "शेठ, तुम्ही नाही का कापत?" असं गिऱ्हाईक विचारी. तो टेप पुन्हा पुन्हा आत घेई, बाहेर काढी.

गोणपाटाखालची फळी वृषालीच्या माहेरची. वडिलांनी दोन वर्षं माळ्यावर सुकवून ठेवलेली, हळदीच्या रंगाची. एकच होती. चुकली तर दुसरी मिळणार नव्हती.

दुसऱ्या शुक्रवारी तो तयारीने आला.

घड्याळ काढून खिशात टाकलं. अंगठी काढली. बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. फळी जिला टेकवून पुढे सरकवायची ती लोखंडी पट्टी त्याने दोन्ही टोकांना मोजून लावली. पातं इतकंच वर घेतलं की फळीच्या वर फक्त दात दिसावेत. उभा राहिला तोही पात्याच्या ओळीत नव्हे, जरा डावीकडे. लाकूड मागे उसळलं तर बाजूने जावं, पोटात येऊ नये म्हणून. शेवटची वीतभर फळी हाताने ढकलायची नसते, त्यासाठी खाचेची काठी जवळ घेतली.

बुवा स्टुलावर बसून बघत होते. त्यांच्या हातातही तसलीच एक काठी होती, जुनी, टोकाला पात्याने चावलेली.

दिगंबरने आंब्याची फळी पुढे घेतली.

"कुठे बघतोस?" करवतीच्या आवाजात बुवांनी मोठ्याने विचारलं.

"पात्याकडे."

"का?"

"कापतंय ना ते."

"ते कापणारच. तुझ्या बघण्यावाचून त्याचं काही अडत नाही. फळी पट्टीला टेकलीय का ते बघ."

दिगंबरने नजर वळवली. पात्याकडे बघायचं सोडल्यावर फळी जास्त सरळ गेली. कुठे जळल्याचा काळा डाग नाही, कुठे थरथर नाही. असं का व्हावं हे त्याला उमगेना, पण झालं खरं.

त्याने बटण दाबलं. आवाज खाली खाली गेला आणि संपला. पात्याच्या डाव्या अंगाला बोटाएवढी एक कांडी पडली होती. ती उचलायला त्याने हात पुढे केला.

मनगटावर काठी आली.

मारली नाही. फक्त ठेवली.

दिगंबरने हात मागे घेतला. बुवांकडे पाहिलं. बुवा त्याच्याकडे बघत नव्हते.

"काप कधी संपतो?" त्यांनी विचारलं.

दिगंबरने या वेळी घाई केली नाही. विचार केला.

"बटण दाबलं की."

देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

मग बुवा उठले. ती कांडी स्वतःच उचलली, कडेवरून अंगठा फिरवला.

"सुरेख," म्हणाले. "माझ्याहून सुरेख."

दिगंबरचा चेहरा खुलला.

बुवा भिंतीशी गेले आणि गोणपाट खालपर्यंत ओढलं.

"पण सुरेख आहे म्हणालात ना?"

"आहे."

"मग चुकलं काय?"

"काप नाही चुकला."

"मग…"

"पुढच्या शुक्रवारी ये."

घरी येऊन त्याने वृषालीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"काठी मारली?"

"मारली नाही गं. ठेवली. मनगटावर."

"तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"काही नाही. तुकडा पडला होता, तो उचलून बाजूला टाकत होतो."

"मशीन चालू होतं?"

"बंद केलं होतं. मी कधी चालू मशीनमध्ये हात घालीन का? त्या दिवशीही बंदच होतं." अंगठ्याचं हे त्याने आजवर पन्नासदा तरी सांगितलं असेल. "बटण दाबलं होतं मी. मशीन बंद होतं आणि तरी लागलं. आता याला नशीब नाही तर काय म्हणायचं?"

वृषालीने कणकेवर तेलाचा हात फिरवला.

"तुकडा टाकायचा नसेल," ती म्हणाली. "देवळाची जागा आहे. तिथलं लाकूड देवाच्या कामाचं. भुईवर टाकलेलं त्यांना आवडत नसेल."

दिगंबर थबकला. हे असू शकतं. बुवा बोलत नाहीत, पण असल्या गोष्टी पाळणारे आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून वेताची टोपली आणली.

तिसऱ्या शुक्रवारी वृषालीही बरोबर आली. आदल्या दिवशी तिसरा गुरुवार झाला होता. शेवटच्या गुरुवारला सहा दिवस उरले होते, आणि चौरंग अजून भिंतीशी फळी होऊन उभा होता. तिच्या हातात प्रसादाचं ताट होतं. केळी, साखर, देवीच्या अंगावरची झेंडूची फुलं.

बुवांनी दिगंबरच्या काखेतल्या टोपलीकडे पाहिलं.

"हे काय?"

"तुकड्यांसाठी."

बुवांनी टोपली हातात घेतली. फिरवून पाहिली. बुड दाबून पाहिलं.

"चांगली आहे," म्हणाले, आणि परत दिली.

दिगंबरने वृषालीकडे पाहिलं. बरोबर ओळखलंस, असा त्याचा चेहरा होता.

त्याने आंब्याची फळी घेतली. नजर पट्टीवर. फळी सरळ गेली. शेवटची वीत काठीने ढकलली. बटण दाबलं. आवाज संपला. वाकून टोपली वर घेतली, टेबलाच्या कडेला ठेवली, आणि त्यात टाकण्यासाठी कांडीकडे हात नेला.

मनगटावर काठी.

टोपली खाली पडली.

"बुवा, टोपली आणली तरी?"

"टोपलीला मी काय म्हणालो?"

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय?" दिगंबरचा आवाज चढला होता. "माझी चार कामं अडलीत. मी नुसता टेप धरून उभा राहतो. ही रोज आधी देवीकडे बघते आणि मग माझ्या अंगठ्याकडे. सहा दिवस राहिले. काय चुकतंय ते सांगा. सांगायचं नसेल तर नाही म्हणा. निदान कळेल तरी."

वृषालीने मान खाली घातली. बुवांशी असं कुणी बोलत नाही.

बुवांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस, बाय," ते वृषालीला म्हणाले. "काल पूजा झाली?"

हे आत्ता का, तिला समजेना.

"झाली, बुवा. तुमच्यासाठी प्रसाद आणलाय."

"किती वाजता?"

"आरती साडेसातला झाली. मग नैवेद्य दाखवला, उपास सोडला."

"म्हणजे साडेसातला संपली पूजा."

"नाही हो, बुवा." तिला हसू आलं. "तेव्हा कुठली संपते? उत्तरपूजा आज सकाळी केली. आंघोळ करून हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि मग कलश हलवला. पाणी तुळशीला घातलं, तशीच निघाले."

"रात्रीच हलवायचा. काकूंचा चौरंग अडकून पडला असेल."

"असं कसं हलवणार?"

"आरती तर झाली होती."

"हो."

"दिवा?"

"शांत झाला होता… झोपायच्या वेळी."

"पोथी मिटलेली. माणसं जेवलेली. घरात आवाज नाही." बुवा थांबले. "मग चौरंगावर राहिलं होतं काय?"

वृषालीने पदर सारखा केला. आईने तसं करायला शिकवलं होतं, आईला आजीने. हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

"देवी बसलेली असते ना," ती हळूच म्हणाली. "आपल्याला दिसत नाही काही. सगळं झाल्यासारखंच वाटतं. पण बसलेली असते. आपण हात नाही लावत."

बुवांनी डोळे मिटले.

"हात नाही लावत," ते स्वतःशीच म्हणाले.

दिगंबर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "याचा करवतीशी काय संबंध?"

बुवा उठले. टेबलावरच्या पट्ट्या, कांडी, सगळं काढून टेबल मोकळं केलं. करवत सुरू केली. शेडचा पत्रा घुमला. लाकूड लावलंच नाही. थोड्या वेळाने त्यांनी बटण दाबलं. आवाज खाली गेला, आणखी खाली गेला, आणि संपला.

देवळावरची कबुतरं ऐकू येऊ लागली.

बुवांनी ताटातलं एक केळं घेतलं. सोलून अर्धं दिगंबरला दिलं.

"खा."

दिगंबर अर्धं केळं हातात घेऊन उभा राहिला. समोर पातं होतं. मऊ, राखाडी, पाण्याच्या चकतीसारखं. हलत असल्याची काही खूण नाही.

बुवांनी ताटातलं झेंडूचं फूल उचललं. एका बाजूला सरकले आणि लांबूनच, देवीला वाहावं तसं, ते पात्यावर टाकलं.

आवाज झाला नाही.

फूल राहिलं नाही. पाकळ्या उडाल्या, टेबलभर, भुशावर, दिगंबरच्या सदऱ्यावर. एक त्याच्या गालाला चिकटली.

दिगंबर हलला नाही. त्याचा डावा अंगठा मात्र आपसूक मुठीत गेला.

"बंद होतं…" तो म्हणाला. पन्नासदा म्हटलेलंच वाक्य होतं. या वेळी ते मध्येच तुटलं.

वृषालीचा हात तोंडावर गेला होता.

बुवा उरलेलं केळं खात होते. सावकाश. पात्याच्या चकतीत हळूहळू रेघा उमटल्या. रेघांचे दात झाले. दात एकेक मोजता येऊ लागले. मग एक दात वर येता येता राहिला.

तेव्हा बुवांनी केळ्याची साल टोपलीत टाकली.

ते भिंतीशी गेले आणि गोणपाट काढलं.

पिवळी फळी उजेडात आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली.

"घे."

"आत्ता?"

"मी बसलोय इथे."

दिगंबरने सदऱ्यावरच्या पाकळ्या झटकल्या. पट्टी पुन्हा मोजली. पातं फळीच्या जाडीला लावलं. एकदा वृषालीकडे बघितलं. ती ताट घट्ट धरून होती.

करवत सुरू झाली. फणसाचा वास शेडभर पसरला. भुसा हळदीसारखा उडत होता. दिगंबरने पात्याकडे बघितलं नाही. पट्टीकडे बघत राहिला. फळी पुढे गेली, काठी पुढे गेली, दोन भाग वेगळे झाले. डावीकडे एक पिवळी कांडी पडली, अगदी पात्याला खेटून.

त्याने बटण दाबलं.

आवाज संपला.

दिगंबरने दोन्ही हात पोटाशी जुळवले आणि उभा राहिला.

वृषाली बघत राहिली. आरती झाल्यावर, सगळे जेवायला वळल्यावर, ती चौरंगापुढे घडीभर अशीच उभी राहत असे.

रेघा उमटल्या. दात दिसले. पातं थांबलं.

दिगंबर अजून उभाच.

"अहो," वृषाली कुजबुजली, "थांबलं की. घ्या ना."

"थांब जरा."

आणखी थोडा वेळ गेला. मग त्याने कांडी उचलली आणि टोपलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

दुपारपर्यंत चौरंगाच्या वरच्या फळीचे आणि चारी बाजूंचे काप झाले. बुवा स्टुलावरून उठले नाहीत. काठी त्यांच्या मांडीवर आडवी पडून होती. शेवटी त्यांनी गुण्या मागून घेतला आणि पहिल्यांदाच प्रत्येक तुकड्याला लावून पाहिला. तुकडे एकावर एक रचून त्याच गोणपाटात बांधून दिले.

"पाय माझ्याकडच्या सागाचे घे," म्हणाले. "कोपऱ्यात कापून ठेवलेत."

कोपऱ्यात चार पाय उभे होते. त्यांच्यावर दोन आठवड्यांची धूळ होती. दिगंबरने धुळीवरून बोट फिरवलं, बुवांकडे बघितलं, आणि विचारायचं ते विचारलं नाही.

निघताना वृषालीने वाकून नमस्कार केला. उठली तरी जागची हलेना. रिकामं ताट छातीशी धरलेलं. ज्या एका शब्दासाठी आली होती तो अजून मिळाला नव्हता.

"बुवा," ती म्हणाली, "मग आता… हो ना?"

बुवांनी करवतीकडे पाहिलं. ती केव्हाची थांबलेली होती. मग दिगंबरच्या हातांकडे पाहिलं. त्याने गाठोडं उचललं होतं आणि डावा अंगठा दोरीखाली नीट वळला होता.

"उद्या सकाळी विचार, बाय."